पाच चिंचोके

"काका, चपला काढा अन् पुन्हा उभे राहा," नर्स खुशबू म्हणाली.

परसराम चपला काढून पुन्हा वजनकाट्यावर चढले. चपलांनी असा काय फरक पडणार! काटा छप्पन्नवरच थांबला. तीन दिवसांपूर्वी डायलिसिस करून गोंदियाहून घरी गेले तेव्हा बावन्न होते.

"चार किलो! काका, ये सब पानी है. मागच्या वेळी फुप्फुसात पाणी भरलं होतं, विसरलात? पुन्हा भरलं तर वाचवणं कठीण, असं डॉक्टर म्हणालेत." मग ती त्यांच्या बायकोकडे, चंद्रकांताकडे वळली. "काकू, मोजून देता ना पाणी?"

चंद्रकांताने पदराची गाठ सोडून दाखवली. आत पाच चिंचोके होते. दिवसाला पाच छोटे ग्लास पाणी. एक ग्लास दिला की एक चिंचोका फळीवर ठेवायचा. फळीवर पाच झाले की रांजणावर झाकण.

"पाचाच्या वर थेंब नाई देत मी, बाई. देवाची आन."

आपल्या मापात कुणी खोट काढावी हे तिला सोसवत नव्हतं, आणि नवरा हातचा जातो की काय ही धास्ती तर उठता-बसता होतीच.

"तिची चूक नाई," परसराम म्हणाले. "मीच चोरून पेलो."

चंद्रकांता पाहतच राहिली. हा माणूस तीस वर्षं गावच्या तलावाचा पाणकर. कुणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं ते यानेच ठरवायचं. पाळी संपली म्हणून सख्ख्या भावाचं पाणी बंद केलं होतं. भाऊ वर्षभर बोलला नाही. आणि हा पाणी चोरणार? हॅट!

मशीन सुरू झाल्यावर ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. नळीतून रक्त फिरत होतं, तिकडे तिने पाहिलं नाही.

"कायले लबाड बोलले? रांजन तं माह्या डोळ्यासमोर असते."

परसरामांनी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने खुशबू बीपी बघायला आली. "सकाळी काय खाल्लं काकांनी?"

"खाल्लं कुठं! भूकच नाई त्यायले. पेज देल्ली, बस."

"किती?"

चंद्रकांताने दोन्ही हातांनी कटोऱ्याचा आकार दाखवला. "सकारी एक, सांजी एक. पोटाले थंड राह्यते ना."

खुशबूने कपाळावर हात मारला. "काकू, पेज म्हणजे पाणीच की हो!"

चंद्रकांताने तोंडाला पदर लावला. माहेरापासून तिने हेच पाहिलं होतं: माणूस आजारी पडला की पेज. पेज म्हणजे जेवण. ती कुणी मोजतं का? म्हणजे इतके दिवस आपणच कटोरे भरभरून त्यांना पाणी पाजत होतो.

खुशबू पुढच्या पलंगाकडे गेली. चंद्रकांता नवऱ्याकडे बघत बसली. तलावाच्या बांधावर उभं राहून किती हात पाणी आहे ते सांगणारा माणूस. त्याला कटोऱ्यातलं कळलं नसेल?

"तुमाले मालूम होतं."

"हो."

"मंग काऊन नाई बोलले जी?"

"पानी देतानी तू चिंचोके मोजते," परसराम हळूच म्हणाले. "पेज देतानी जवळ बसते."

"मरायले निघाले होते का मंग?" ती एवढ्या जोरात बोलली की बाजूच्या पलंगावरच्या माणसाने मान वळवली. मग तिने डोळे पुसले आणि त्यांच्या पायांवरची चादर उगाचच सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकांताने भात शिजवून सगळी पेज गाळून काढली आणि गाईच्या घमेल्यात ओतली. निथळलेला भात ताटात वाढला. मग परसरामांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. भात कोरडा होता, घशाखाली उतरायला वेळ लागत होता. तिला घाई नव्हती.