नाताळचं नाव गाळलं

जोस शहरातल्या पहिल्या दंगलीनंतर रकिया बिऱ्हाड हलवून पुलापलीकडे मुसलमान वस्तीत गेली. तलातु अलीकडे, ख्रिश्चनांत राहिली. त्याआधी एकवीस वर्षं दोघींच्या घरांची भिंत एक होती. वस्त्या तुटल्या, तरी तलातुचा नाताळचा भात पुलापलीकडे जायचा आणि साल्लाला, म्हणजे ईदला, रकियाकडून मटण यायचं.

गेल्या नाताळच्या आठवड्यात रकियाचा धाकटा, बशीर, बाजारातून परतताना मारला गेला. मारणारी पोरं तलातुच्या बाजूची होती. रस्ते बंद, म्हणून तलातुला मातीला जाता आलं नाही. रस्ते उघडले तेव्हा तोंड दाखवायचा धीर होईना. त्यानंतरच्या साल्लाला रकियाकडून मटण आलं नाही.

यंदा डिसेंबरात तलातु भातासोबत द्यायचं कोरं कार्ड पुढ्यात घेऊन बसली. काय लिहावं सुचेना.

"नाताळ वगैरे घालूच नकोस आई," तिची लेक केझिया म्हणाली. "'या थंडीत सर्वांना सुख लाभो' एवढंच लिही. कुणाला खुपणार नाही."

तलातुला पटलं. तिने तसंच लिहिलं आणि भाताचं पातेलं घेऊन स्वतःच गेली.

रकियाने दार उघडलं. पार वाळली होती. खाली चटईवर बसून तिने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"फोन कंपनी पाठवते मला असले मेसेज. सर्वांना म्हणे."

"त्या दिवसाचं नाव तुला नको वाटेल, असं वाटलं गं."

"तू नाव गाळलंस म्हणून माझा बशीर कधी गेला ते मी विसरणार होते होय?" रकियाचा आवाज चढला नाही. "इतकी वर्षं तू नाताळ म्हणालीस, मी साल्ला म्हणाले. आता मी 'सर्वां'तली झाले."

तलातु खाली बघत राहिली. "मला भीती वाटली."

"माझी?"

"तुझी. आणि आमच्या पोरांनी केलं त्याची लाज."

"मग तेवढं लिहायचं होतंस. वर्षभर वाट बघितली मी."

रकियाने उठून एकच ताट आणलं. भात वाढता वाढता ती म्हणाली, "खालची खरवड बशीरला लागायची." दोघींनी चार घास खाल्ले. बाकीचा भात ताटात तसाच राहिला.

"थोरला आम्हाला कायमचं कानो शहरात नेतोय, पुढच्या महिन्यात," रकिया म्हणाली. "तिकडच्या गल्लीत नाताळ कुणाकडेच नसतो."

तलातुने तिचा हात धरला. कार्डात गाळलं ते आता तोंडाने म्हणावं असं तिला फार वाटलं, पण 'नाताळ' हा शब्द त्या घरात तिच्या तोंडून निघेना. रकियानेही आग्रह केला नाही.

ऊन कललं तशी रकिया तिला पुलापर्यंत सोडायला आली. पुढच्या ख्रिश्चन वस्तीत जाणं तिच्यासाठी धोक्याचं होतं. तलातु एकटीच पूल ओलांडून गेली आणि तिने वळून बघितलं तेव्हा रकिया घराकडे चालू लागली होती.