सेपिकची माती, अबेमामाचा कुपा

बिरिबोने गळ खोल सोडला आणि दोरी नेहमीसारखी पूर्वेला ताणली गेली. वरचं पाणी मात्र नावेला पश्चिमेकडे ओढत होतं.

"लागली नाटकं करायला!" तो करवादला. "आजवर किती गळ घालवलेत या दोरीनं!"

नावेत यावी पाण्याच्या बाटल्या भरत होती. न्यू गिनीची ही पोरगी समुद्राचं पाणी तपासायला अबेमामा बेटावर आली होती आणि बिरिबोच्याच घरी उतरली होती.

"दोरीचा दोष नाही, आजोबा. खालचं पाणीच पूर्वेला चाललंय. आमच्या किनाऱ्यावरून निघतं ते."

"आणि येतं काय, हात हलवत?"

"छे! आमच्या सेपिक नदीचा गाळ समुद्रात पडतो. त्यातलं लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याच्याबरोबर इथवर येतं."

"लोखंड? माझ्या पत्र्याला गंज चढतो, ते?"

"तेच. पण डोळ्यांना दिसणार नाही इतकं किंचित. त्यावर बारीक शेवाळ पोसतं, शेवाळावर किडे, किड्यांवर छोटे मासे आणि त्यांच्यावर तुमचा कुपा." तिनं बाटलीला बूच लावलं. "नदीनं आमचा काठच खाल्ला. आईची केळी गेली, मग स्वयंपाकघर गेलं. अजून शिव्या घालते ती नदीला."

बिरिबोने पूर्वेला ताणलेल्या दोरीकडे पाहिलं. त्याची चारही पोरं कुप्यावर वाढली होती. कुणाचं तरी घर त्यापायी वाहून जात असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी चांगला मोठा कुपा लागला. घरी बायकोने, रोतियाने, माशाचं मानाचं डोकं रिवाजाप्रमाणे पाद्रीबाबांसाठी बाजूला काढलं.

"आज डोकं यावीला वाढ," बिरिबो म्हणाला.

"आणि पाद्रीबाबांना काय, शेपूट?"

"चालेल त्यांना. माती हिच्या आईची गेलीय."

यावी ओशाळली. "आजोबा, ती आईचीच माती असेल असं नाही सांगता येत."

"कुणाच्या तरी आईची असेलच ना?"

यावी मान खाली घालून जेवायला लागली. तिचे डोळे भरले होते.

ती निघाली तेव्हा बिरिबोने सुकवलेल्या कुप्याची मोठी पुडी तिच्या हातात दिली. रोतियाने स्वतः विणलेली चटई दिली. "आईला म्हणावं, तुमचे उपकार आहेत आमच्यावर," तो म्हणाला आणि मग बराच वेळ धक्क्यावर उभा राहिला.

पुढे यावीचा फोन आला. आईने नदीला शिव्या देणं काही सोडलं नव्हतं. पण मासा सागो झाडाच्या पिठाच्या लापशीबरोबर झकास लागला, आणि आणखी मिळेल का, असं ती विचारत होती.

बिरिबो हसत हसतच नाव ढकलायला गेला.