साम्पिरींचं झाड

पहाटे एलियास गेले आणि दुपार व्हायच्या आत त्यांचा मुलगा योपी यंत्राची करवत खांद्यावर टाकून डोंगराकडे निघाला. शवपेटी करायला गावात धड फळी उरली नव्हती. होती नव्हती ती सगळी चर्चच्या छपराला गेली होती.

थोरली बहीण सेल्फिना धापा टाकत त्याच्यामागून चढली. त्यांच्या वाटणीच्या रानात एकच उंच झाड उरलं होतं. काराकेलांग बेटाच्या या अंगाचे सगळे साम्पिरी, ते लाल-निळे पोपट, रात्री त्याच झाडावर मुक्कामाला यायचे. एकटा कुणी नाही, जोडी-जोडीनं.

"आत्ता एकही नाही वर," योपी म्हणाला. "सगळे नारळाच्या फुलोऱ्यावर गेलेत. कुणाला धक्का लागणार नाही."

"आणि संध्याकाळी?"

"दुसरं झाड बघतील. पंख आहेत ना!"

"खालच्या वाडीतलं झाड पाडलं तेव्हा बघितलं का?"

योपीनं करवत खाली टेकवली. तेव्हा त्यानंही पाहिलं होतं. झाड नव्हतं त्या जागेवर थवा अंधार पडेपर्यंत घिरट्या घालत राहिला. बरेचसे समुद्राकडे गेले, ते परत दिसलेच नाहीत. उरलेले या झाडावर आले, तर इथले त्यांना फांदीवर टेकू देईनात. कितीतरी संध्याकाळी नुसती भांडणं आणि किंचाळ्या.

"मग पापांना काय चटईत गुंडाळू?" योपीचा आवाज फाटला.

"घरी चल माझ्या."

घरी तिनं एकुलत्या खोलीतली भांडीकुंडी आणि गादी अंगणात काढली आणि पायाखालच्या फळ्या दाखवल्या. "या उचकट."

"वेडी आहेस? तुझ्या लग्नात पापांनी स्वतः कापल्यात या."

"म्हणूनच."

पहिली फळी निघाली तेव्हा योपी भिंतीला टेकून हमसून रडला. मग डोळे पुसून कामाला लागला.

शेजारची म्हातारी ओमा मार्ता काठी टेकत आली. "काय गं, बापाला स्वयंपाकघराच्या फळ्यांत घालतेस? तेलाचे डाग दिसतायत!"

"दिसू देत, ओमा. त्यांनीच तळलेल्या माशांचे आहेत."

ओमा हसली आणि हसता हसता तोंडावर हात धरला.

ऊन उतरलं तसे साम्पिरी कलकलाट करत डोक्यावरून गेले. मदतीला आलेल्या शेजाऱ्यांचे रंधा मारणारे हात थांबले. वर पाहिलं नाही ते फक्त योपीनं. तो कडा तासत राहिला.

दुसऱ्या दिवशी एलियासना पुरलं. पेटी जड झाली होती, खांदा देणारे दोनदा बदलावे लागले.

सेल्फिना घरी आली तेव्हा खोलीत नुसत्या तुळया आणि खाली वाळू होती. तिनं तुळईवर बसून भात शिजवला. आठवडाभरानं योपी तुळयांवर घालायला बांबूचे भारे घेऊन दारात उभा राहिला.

"करकरेल चालताना," तो म्हणाला.

"करकरू दे. आधी जेव."