तळघराला सफेदी

दारातच ताईला चुन्याचा वास आला. चार दिवस ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. आज पहिल्या बसने परतली ती केवळ पाहणीसाठी. दहा वाजता मूळ गावाच्या शिक्क्याचा अर्ज तपासायला सरकारी बाई येणार होत्या. शिक्का मिळाला की ताईच्या तळघरात पिकणारं चीज याच गावचं असं कायद्याने ठरणार होतं, आणि शेजारच्या शहरातला कारखाना गावाच्या नावाने जे पिवळं रबर विकत होता, ते त्याला बंद करावं लागणार होतं.

पिशवी तिथेच टाकून ती तळघरात उतरली. भिंती पांढऱ्याशुभ्र, छतही पांढरं. फळ्या सोड्याच्या कढत पाण्याने घासून, उन्हात वाळवून जागच्या जागी लावलेल्या. साठ वर्षं त्या दगडांवर आणि फळ्यांवर हिरवट करड्या बुरशीची लव होती. इथल्या चीजला ओल्या मातीची आणि भाजक्या अक्रोडाची चव यायची ती तिच्यामुळेच. दूध कुठलंही चालेल, ही भिंत कुठून आणाल, असं आजी म्हणायची. ती लव धरायला आजीला नऊ वर्षं लागली होती.

मागे धाकटा भाऊ उभा होता, कानापर्यंत चुन्याने माखलेला. गल्ली त्याला मंत्री म्हणायची, कारण काम दुसऱ्यांनी करायचं आणि फीत कापायला हा पुढे. विक्री तो बघायचा. खाली उतरलं की शिंका येतात म्हणून वर्षानुवर्षं तळघराकडे फिरकला नव्हता. जन्मात पहिल्यांदा गडी स्वतःच्या हाताने राबला, आणि राबून हे करून बसला.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं. "म्हटलं, बाई ही घाण बघून नापासच करतील. तीन दिवस राबलोय, ताई."

त्याला दोन ठेवून द्याव्यात असं तिच्या मनात आलं. पण चुन्याने त्याच्या बोटांना फोड आले होते. छान झालंय, असं काहीतरी पुटपुटून ती पायरीवर बसली.

पिकलेल्या चीजचे चाळीस गोल वरच्या खोलीत सुखरूप होते. चव त्यांचीच घेतली जाणार होती, आणि खोली बघून बाई खूशच झाल्या असत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिक्का पदरात पडला की पुढचं पुढे. पण पुढच्या वर्षी या भिंतींमधून जे चीज निघालं असतं, ते त्या रबराचंच भावंड.

बाई दहाच्या ठोक्याला आल्या. बोलणं मोजकं, डोळे बारीक. पातळ काप त्यांनी जिभेवर घोळवला, मग लहानसा आणखी एक मागून घेतला. मंत्र्याने ताईला कोपराने ढोसलं. तळघरात बाईंनी चौफेर पाहिलं आणि इतकी स्वच्छ खोली अजून कुठे दिसली नाही म्हणाल्या. मंत्री फुगला. बाईंनी कागद आणि पेन पुढे केलं. चाखलेलं चीज याच खोलीत, याच हवेत पिकतं, एवढंच त्यावर लिहिलं होतं. सही तेवढी बाकी होती.

ताईने पेन हातात घेतलं.

"पिकायचं," ती म्हणाली. "परवापर्यंत. चव त्या बुरशीत होती. ती आम्ही धुऊन टाकली."

मंत्र्याचा चेहरा भिंतीसारखा झाला. आपण काय केलं ते त्याला त्या क्षणी कळलं, आणि ताईला त्याच्याकडे बघवेना.

बाईंनी कागद परत घेतला. ती बुरशी गावात आणखी कुणाकडे आहे का, असं त्यांनी शांतपणे विचारलं; नसेल तर अर्ज इथेच संपला.

होती. समोरच्याच घरात, चुलत बहिणीकडे. अकरा वर्षांपूर्वी वेगळी होताना तिने आजीच्या दोन फळ्या नेल्या आणि त्यांच्यावरून स्वतःच्या तळघरात लव धरवली. ताईने तिला गल्लीभर चोर ठरवलं होतं. या अर्जातही लिहून दिलं होतं, की समोरचं चीज नकली आहे.

"समोर आहे," ताई म्हणाली. "मी लिहिलंय ते खोटं आहे. तिचंच आता खरं."

तसं लेखी द्यावं लागेल, बाई म्हणाल्या. ताईने पायरीवर बसूनच, धुतलेल्या भिंतींसकट सगळं लिहून दिलं, आणि तिघं गल्ली ओलांडून गेली. चुलत बहिणीने दार उघडलं. बाईंनी कागद दाखवला. तिने तो उभ्या उभ्या वाचला, पुन्हा वाचला. ताईला वाटलं, आता ही दार लावून घेणार, आणि लावलं तर तिचं काय चुकलं?

"फळ्यासुद्धा धुतल्या?" चुलत बहिणीने विचारलं.

"सगळ्या."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. अकरा वर्षांचा राग बाजूला राहिला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आजी तिचीही होती. ताई तिच्याशेजारी टेकली. बाई हातातल्या वहीत उगाच काहीतरी शोधत राहिल्या.

मग चुलत बहिणीने पदराने तोंड पुसलं, तळघराची किल्ली काढून बाईंच्या हातात दिली आणि मंत्र्याकडे न बघता ताईला म्हणाली, "तुझ्या फळ्या आण इकडे. माझ्या फळ्यांना लावून ठेवू, लव पुन्हा धरेल. पण तू स्वतः आण, त्याला हात लावू देऊ नकोस."