गल्लीचा बाप्तिस्मा

जगाच्या इतिहासात शहरं जिंकणारे पुष्कळ झाले, शहरं जाळणारेही झाले, पण अख्ख्या शहराला इस्त्री करणारा महापुरुष एकच झाला, आणि तो आमच्या सांता पालोमाचा महापौर आहे. इस्त्री मात्र माझ्या मेहुणीची. ‘शर्टापुरती देता का’ म्हणून मागून नेली होती.

महापौरांचं नाव फेलिसिमो मागलान्ताय. सगळे त्यांना मेयर इमोंग म्हणतात. बंदराजवळ त्यांच्या आईची धुलाईची टपरी होती, त्यामुळे सुरकुती दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. पहिल्या निवडणुकीत ते घरोघर फिरले आणि मत मागता मागता प्रत्येकाची कॉलर सरळ करत गेले. लोकांना वाटलं, माणूस प्रेमळ आहे. माणूस खरोखरच प्रेमळ होता. निवडून आल्यावर त्यांनी फुटपाथ मोकळे केले, नाले उपसले, कचऱ्याची गाडी वेळेवर यायला लावली. मग एका सकाळी ते बाजारात आले, गुडघ्यांवर बसले, इस्त्रीतल्या कोळशांवर फुंकर घातली आणि मासळीगल्लीवरून हात फिरवला. मासळीगल्ली सपाट झाली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

गल्ली म्हणजे शहराला पडलेली सुरकुती, असं त्यांचं म्हणणं, आणि नीट पाहिलं तर ते खोटं नाही. इस्त्री फिरली म्हणून गल्लीतली माणसं कुठे जात नाहीत. तिथेच असतात, फक्त छापील. मँग इस्को न्हावी (वयानं मोठ्या माणसाला आम्ही मँग म्हणतो) आता मोठ्या रस्त्यात आहेत. हातात वस्तरा, पुढ्यात गिऱ्हाईक, दोघेही डांबरात. वरून मोटारी जातात. मी एकदा वाकून विचारलं, कसं काय. म्हणाले, “बरं चाललंय. रुग्णवाहिका आता एका दमात येते.” गिऱ्हाईकाची दाढी अर्धीच झाली होती.

आमच्या कायद्यानं महापौराला ओळीनं तीनदाच निवडून येता येतं. तीन खेपा झाल्यावर चौथ्या खेपेला त्यांची बायको उभी राहिली, म्हणून आम्ही जरा निश्चिंत झालो. पण बाई भाषण करत होत्या तेव्हा मागे गुडघ्यांवर कोण बसलं होतं ते सगळ्यांना दिसत होतं. पुढच्या खेपेला ते स्वतःच परत आले.

सुरकुत्या गेल्या तसं शहर लांबलं. पूर्वी चर्च कोपऱ्यावर होतं. आता कोपराच नाही, आणि चर्च दूर क्षितिजावर काडेपेटीएवढं दिसतं. पण ज्यानं कधी इस्त्री धरली आहे त्याला माहीत असेल की सुरकुती सहसा मरत नाही, पुढे सरकते. सांता पालोमाच्या सगळ्या सुरकुत्या सरकत सरकत आमच्या गल्लीत आल्या. आमची शेवटची.

गल्ली रोज खोल होऊ लागली, रोज अरुंद. आधी तीनचाकी येईना. मग दारं बाहेर उघडेनात. मग माझी बायको चोनिंग जागेवरून न उठता समोरच्या घरातल्या आलिंग पुरिंगच्या (आलिंग म्हणजे बायकांतली मँग) कढईत मीठ टाकू लागली, आणि आलिंग पुरिंग तिला तिथूनच सांगू लागली की पुरे. मी आडवा चालायला शिकलो. आकाश वर रिबिनीएवढं उरलं.

चोनिंगचं घराच्या खिडकीतच दुकान आहे. साबण, सुकी मासळी, शांपूच्या पुड्या. खिडकीला जाळी, जाळीमागे चोनिंग. मी तिला म्हटलं, चल, बाहेरच्या सपाटीवर जाऊ. ती म्हणाली, सपाटीवर पाठ टेकायला भिंत कुठे आहे. मी म्हटलं, मग इथे छापली जाशील.

“मला छापील व्हायचं नाही,” ती म्हणाली. “माझी कंबर धरते. मला कूस बदलता आली पाहिजे. तू काहीतरी कर, दोरो. आयुष्यभर नुसत्या टाळ्या वाजवल्यास.”

मी विचार केला, आणि विचारातून मला निनोंग सुचला. निनोंग म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. आमच्याकडे कुणी ‘माझ्या लेकराचे निनोंग व्हा’ म्हणालं तर नाही म्हणता येत नाही, आणि महापौराला तर मुळीच येत नाही. मेयर इमोंग अर्ध्या शहराचे निनोंग आहेत. डिसेंबरात धर्मलेकरं भेटवस्तू मागायला निघतात तेव्हा ते पाण्याच्या टाकीमागे लपतात, असं त्यांचा ड्रायव्हर सांगतो. पण धर्मलेकराला त्यांनी कधी दुखावलेलं नाही. तेव्हा गल्लीचाच बाप्तिस्मा करायचा आणि त्यांना निनोंग करायचं, असं मी ठरवलं.

चोनिंगनं एकच विचारलं, मुलगा की मुलगी. मी म्हटलं, मला काय माहीत. तिनं जाळीतून गल्लीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, मुलगी. नाव फेलिसिमा ठेवू, स्वतःचं नाव ऐकून तरी विरघळतील.

मी आडवाच महापौरांच्या कचेरीत गेलो. सवय झाली होती. त्यांनी माझी कॉलर सरळ केली. मी कारण सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत कुणी गल्ली त्यांच्या ओटीत घातली नव्हती, म्हणाले. वय विचारलं. मी म्हटलं, माझ्या आजोबांपेक्षा मोठी. इतकी वर्षं पोर बिनबाप्तिस्म्याची राहिली याबद्दल त्यांनी मला हळू आवाजात रागावून घेतलं.

फादर आमादो क्षितिजावरून निघाले ते जेवणाच्या वेळेला पोचले. सगळे ठेवणीतली चांगली कापडं घालून आपापल्या दारात उभे होते, कारण दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती. आलिंग पुरिंगनं शेवया केल्या होत्या आणि त्या सरळ रेषेत वाढल्या. फादरनी विचारलं, डोकं कुठल्या बाजूला. आमच्यात थोडा वाद झाला. शेवटी ते म्हणाले, सगळीकडेच ओततो. पाणी खूप लागलं. प्रत्येक घरातून बादली आली. फेलिसिमा या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजली आणि रडली नाही. सगळे म्हणाले, गुणी आहे.

मग रीत राहिली होती ती झाली. आमच्याकडे लहानांनी थोरांचा हात हाती घेऊन कपाळाला लावायचा असतो. मेयर इमोंगनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हात पुढे केला. गल्लीनं आपलं टोक हळूच उचललं, फरश्यांसकट, आणि त्यांच्या हाताला कपाळ टेकलं. मला हुंदका आला. चोनिंग जाळीमागून माझ्याकडे बघून हसली. तसं हसताना मी तिला लग्नानंतर फारसं पाहिलेलं नाही.

मेयर इमोंगनी ते टोक हातातच धरून ठेवलं. अंगठ्यानं चाचपलं.

“छान भिजलीय,” ते म्हणाले. “सारखी भिजलीय. अशी भिजायला हवी.”

मी म्हटलं, मेयर, आता तुम्ही तिचे निनोंग.

“म्हणून तर,” ते म्हणाले. “परकी होती तोवर मी मुद्दाम शेवटाला ठेवली होती, मँग दोरो. आता माझी आहे. माझ्या नावाची पोरगी अशी चुरगळलेली हिंडली तर लोक मला काय म्हणतील. आणि आज तिचा सण आहे.”

ते जे बोलत होते त्यात कुठेतरी चूक होती, पण मी जिकडून पाहत होतो तिकडून ती बरोबर दिसत होती. मी फादरकडे पाहिलं. ते शेवया खात होते आणि मान डोलावत होते, ते शेवयांसाठी की कशासाठी ते समजलं नाही. ड्रायव्हरनं इस्त्री आणून दिली. महापौरांनी झाकण उघडून निखाऱ्यांवर फुंकर घातली, प्रेमानं, चहाच्या कपावर घालतात तशी. ओल्या फरश्यांवरून वाफ उठायला लागली. गल्लीच्या मध्यावर, सगळ्यात खोल घडीत, चोनिंग दुकानातल्या स्टुलावर बसून होती. वाफेतून मला तिची एकच बाजू दिसत होती, आणि ती कंबरेला हात लावून कूस बदलायला वळत होती.

मी आडवा धावलो. धावता धावता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचलो, कारण आडवं धावणाऱ्याला मध्ये थांबता येत नाही. तिथे फेलिसिमाचा दुसरा कोपरा जमिनीपासून सुटून वाऱ्यानं फडफडत होता.

मेयर इमोंगनी लांबून मला पाहिलं. ते इतके दूर होते की चेहरा दिसत नव्हता, पण आवाज अगदी कानाशी आला, तोच, मत मागायला आले होते तेव्हाचा.

“मँग दोरो, तिथे आहातच तर तेवढं ते टोक धरता का?”