आईच्या खडूच्या खुणा

मशीन खडखडत होतं आणि तोंडात टाचण्या धरून आई ताईवर ओरडत होती, "हलू नकोस गं! बाही तिरकी बसली तर तुझी होणारी सासू मला नावं ठेवेल, तुला नाही!" टाचण्यांमुळे शब्द असे चेपून बाहेर पडत होते की चिमणीला हसू आवरेना. चिमणी म्हणजे घरातलं शेंडेफळ. तोंड दिवसभर चालू, म्हणून हे नाव.

तेवढ्यात आई पोट धरून खालीच बसली.

"पित्त!" आत्याने निकाल देऊन टाकला. या घरात बायकांच्या पोटात काहीही होवो, ते पित्तच असायचं.

मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून आईच्या आतड्यातली गाठ काढली होती. कॅन्सर नव्हता, पण पुढे झाला असता. त्या गाठीची एक नवी तपासणीही झाली. "जनुकं तीच असतात," बाईंनी सांगितलं होतं, "पण कोणतं जागं ठेवायचं आणि कोणतं झोपवायचं, हे त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा ठरवतात. तुमच्या गाठीतल्या खुणा बघता ती परत यायची शक्यता जास्त आहे. येईलच असं नाही. पण वर्षाच्या आत पुन्हा दुर्बिणीला या."

"म्हणजे कापड तेच, खडूच्या खुणा वेगळ्या," आई घरी येता येता म्हणाली होती. "कात्री कुठे चालणार, ते खुणेवरून कळतं." चिमणीला तेव्हा आईचा कोण अभिमान वाटला होता!

वर्ष उलटलं तरी आई गेली नाही. ताईचं लग्न ठरत आलं होतं, आणि मुलाची मावशी नेमकी त्याच दवाखान्यात, नाव नोंदवायच्या खिडकीत बसायची.

"मग दुसरीकडे जाऊ ना!" चिमणी कळवळून म्हणाली.

"तिथेही कुणाची तरी मावशी निघेलच," आत्याने हात उडवले. "आईला असलं दुखणं, म्हणजे पोरीलाही असणार, असं म्हणतील. जमत आलेलं मोडायचंय का? वहिनी, तुम्हीच समजवा हिला."

बाबांनी पेपर आणखी वर धरला. आई हसली. "एवढं लग्न होऊ दे गं बाळा. मग तू म्हणशील तिथे येते."

लग्न थाटात झालं. बाही अगदी जिथल्या तिथे बसली. मग आई दुर्बिणीला गेली. गाठ परतली होती, आणि आता ती नुसती गाठ राहिली नव्हती. डॉक्टरीणबाई "थोडं आधी…" एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुढे पुढे आईचा हात रिकाम्या रिळासारखा हलका झाला. आणि एका सकाळी मशीन झाकलेलंच राहिलं.

भेटायला माणसं आली. ताईची सासू कोपऱ्यात पदर आवळून बसली होती.

"काय झालं हो एकाएकी?" कुणीतरी विचारलं.

"पित्त चढलं," आत्या म्हणाली.

टेबलावर ताईसाठी बेतलेलं कापड तसंच पडलं होतं, खुणा करून ठेवलेलं, न कापलेलं.

"पित्त नव्हतं!" चिमणी उभी राहिली. "आतड्यात गाठ होती. परत येऊ शकते, हे आधीच कळलं होतं. तिला वाचवता आलं असतं. तुम्ही सगळे काय म्हणाल, या भीतीने आपण गप्प बसलो. आता डॉक्टरीणबाईंनी माझी आणि ताईची तपासणी करायला सांगितलीये. मी जाणार, आणि जाताना सगळ्यांना सांगून जाणार."

"गप्प बस, कार्टे!" आत्या म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते.

"मीही जाणार," ताई म्हणाली. बोलताना तिने सासूकडे पाहिलं. सासूबाई उठल्या. आता या बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या चिमणीजवळ येऊन बसल्या आणि तिच्या कानाशी, अगदी हळू आवाजात विचारू लागल्या,

"त्या तपासणीला… उपाशी जावं लागतं का गं? मला बरेच महिने शौचावाटे रक्त पडतंय. घरात सगळ्यांना पित्तच सांगितलंय."

चिमणीने त्यांचा हात घट्ट धरला.

"मी येते तुमच्यासोबत," ती म्हणाली. "उद्याच."