माझा चौथा पाय

उंचीने मी आज तुमच्या गुडघ्याच्या जरा वर येतो, पण आवाज अजून पूर्वीचाच आहे, तेव्हा ऐका. मी टेबल. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, मागच्या सभागृहातला. चौदा माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब, आणि सहा जणांचा घाम काढेन एवढा जड.

इथल्या ज्यू मंडळींच्या समितीसाठी मला घडवलं. सुताराने लाकूड दोन वर्षं सुकवलं, मगच रंधा हातात घेतला. म्हणून मी आजवर कुठे तडकलो नाही की वाकलो नाही. साठ वर्षं समिती माझ्यावर कोपरं टेकून भांडली. छताच्या गळतीवरून, प्रार्थनेच्या वेळेवरून, गेल्या सभेत कोण काय म्हणालं यावरून तर कितीदा! माणसांचं एक बघून ठेवलंय मी. ज्याला आपलं म्हणणं लंगडं आहे हे कळतं, तोच टेबलावर मूठ आपटतो. आणि मार बसतो मला!

हळूहळू चौदाचे सात झाले. पोरं नोकरीपायी दुसरीकडे गेली ती गेलीच. शेवटी तरुण आयांनीच समितीला धरलं. आपल्या प्रार्थना, आपल्या गोष्टी लहानपणी कानावर पडल्या नाहीत, तर उद्या इथे दिवा लावायला तरी कोण येणार? झालं, बालवाडी काढायची ठरली. नऊ मुलं नोंदवली गेली आणि परगावाहून संचालिकाबाई आल्या.

बाई ठेंगण्या, बोलायला तिखट, कामाला वाघ. तीन आठवड्यांत त्यांनी भिंती रंगवल्या, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, मुलांच्या हाताला येतील असे नळ खाली आणले आणि समितीच्या नाकी नऊ आणले.

उद्घाटन सोमवारी होतं. सकाळी आठला सरकारी तपासनीस येणार, सगळं ठीक असेल तर परवानगी देणार, नऊला मुलं येणार. परवानगी हुकली तर संपलंच. आयांनी दुसऱ्या शाळेत जागा धरून ठेवल्या होत्या, त्याही सोमवारपर्यंतच. आणि शुक्रवारी दुपारी कारखान्यातून फोन आला. छोट्या खुर्च्या पाठवल्यात, छोटी टेबलं आणखी तीन आठवडे मिळणार नाहीत. आणि मुलांच्या उंचीचं टेबल नसेल, तर तपासनीस सही करणार नाही.

बाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजिबात आवडलं नाही.

"याचे पाय वीतभर कापा," त्या म्हणाल्या.

समितीचे अध्यक्ष ताडकन उठले. ब्याऐंशी वर्षांचे, सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. "अहो बाई, काही बोलता काय? याच टेबलावर आमची पहिली सभा झाली. त्या सभेतला मी एकटा उरलोय. आणि आम्ही बसायचं कुठे?"

"उभ्याने भांडा, आजोबा. सभा लवकर आटपतील."

दोन तास वादावादी झाली. चार विरुद्ध तीन मतांनी मी हरलो. आजोबा टोपी उचलून निघून गेले, आणि मला वाटलं, माझी बाजू घेणारा शेवटचा माणूस गेला.

आमच्यातलेच सुतारमामा धावत आले. मला पालथं घातलं आणि करवत चालवली. दुखलं का? दुखलं की! एक पाय उतरला, दुसरा, तिसरा. चौथ्यात करवत निम्मी गेली आणि बाई ओरडल्या, "मामा, थांबा! वेळ झाली!" सूर्य मावळत होता. शब्बाथ सुरू झाला की शनिवार संध्याकाळपर्यंत काम बंद, हत्याराला हातसुद्धा लावायचा नाही. मामांनी करवत होती तिथेच सोडली. मी पाय वर करून तसाच पडून राहिलो, तीन आखूड, एक लांब, त्यात करवत अडकलेली.

शनिवारी प्रार्थनेनंतर मंडळी सभागृहात आली आणि मुलं थेट माझ्याकडे पळाली. एक जण म्हणाला, धोक्याची वस्तू शब्बाथलाही बाजूला करायला हरकत नाही. दुसरा म्हणाला, हरकत नाही, पण करायची कशी? तिसऱ्याचं तिसरंच. आजोबांनी कपाळावर हात मारला. "तुमचं ठरेपर्यंत पोरांची बोटं जातील!" त्यांनी खुर्ची ओढली आणि ते करवतीपुढे पहारा देत बसले. समितीचं दुपारपर्यंत ठरलं नाही.

बाई मुलांना घेऊन माझ्या वर आलेल्या पोटावर, करवतीपासून लांबच्या टोकाला बसल्या. ना कागद, ना खडू. शब्बाथला लिहायचंही नसतं. त्या नुसत्या गोष्ट सांगत होत्या. मग पावाचा तुकडा हातात घेऊन खाण्याआधीची प्रार्थना म्हणू लागल्या. एक बारकी मुलगी मध्येच अडली. पुढचा शब्द आजोबांच्या तोंडून आला.

"तुम्हाला येते?" तिने डोळे मोठे केले.

"येते बाळा. फक्त विचारायला कोणी आलं नाही बरीच वर्षं." आजोबा बाईंकडे वळले. ते हळूच म्हणाले, "माझी नातवंडं फोनवर हॅलो म्हणतात. बस, तेवढंच."

"सोमवारी या, आजोबा."

"मी अजून विरोधात आहे."

"विरोधात असलात तरी या."

रविवारी सकाळी सुतारमामा आले, तर आजोबा बाह्या सरसावून हजर. "करवत मी चालवणार." मामांनी त्यांना दुखऱ्या खांद्याची आठवण करून दिली, पण ऐकतो कोण! चार वेळा दम खात, घामाने डबडबत त्यांनी माझा चौथा पाय कापला. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. काप जरा तिरका गेला. मामांनी खालून पातळ पट्टी ठोकली.

सोमवारी तपासनिसाने फूटपट्टी लावली, मला हलवून बघितलं, सही केली. नऊला मुलं आली. आजोबा बाईंच्या स्वागताचं चार पानी भाषण घेऊन उभे राहिले, पण पहिलीच ओळ वाचून थांबले. त्यांनी पानं खिशात घातली.

"बाई," ते म्हणाले, "मी इथे गेलेल्या माणसांना भेटायला येत होतो. आता येणाऱ्यांसाठी येईन. तुम्ही आलात, बरं झालं."

या गोष्टीला चार महिने झाले. मुलं अकरा झाली आहेत. माझ्यावर रंग सांडतो, माती थापली जाते, मला चमच्यांनी बडवतात. परवा समितीतलं कुणी म्हणालं, छोटी टेबलं आली आहेत, आता याचे पाय पुन्हा जोडून घेता येतील. माझी एवढीच विनंती आहे, ते तुकडे मला लावू नका. उंच होतो तेव्हा मला माणसांची मतं ऐकू यायची. आता मुलं माझ्यावर गाल टेकवून एकमेकांशी कुजबुजतात आणि मला सगळं ऐकू येतं. मला याच उंचीवर राहायचंय, आणि मी राहणार.